गावाच्या नावातला ‘ण’

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. पांढुर्णा-सौसर छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशातच राहिले. तोवर नागपूर हीच आपली राजधानी होती. सीमा बदलली. नावेही दोन तऱ्हेने लिहिली जातात. कुठे ‘पांढुर्णा’, कुठे ‘पांढुर्ना’, सौसरचे ‘सौंसर’. इंग्रजी पाटीवर तर ‘ण’ आणि ‘न’ एकच! मराठीत गावठाणाला पांढरी, शेतीला काळी म्हणतात. ‘पांढुर्णा’ म्हणताच ती पांढरी आठवते.

२०२३ साली या दोन तहसिलींचा पांढुर्णा जिल्हा झाला. आता हे नाव प्रत्येक दाखल्यावर, शिक्क्यावर येणार. पालकांनो, मुलांचा दाखला हाती पडताच गावाचे नाव वाचा. ‘ण’ चुकला असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या.