नवा कर्नल, जुना ड्रायव्हर

कर्नल म्हटलं की माझी पाठ आपोआप ताठ होते, नोकरीची सवय. आजचा कर्नल मात्र लिनक्सचा आहे. संगणकाचं हार्डवेअर आणि आपले प्रोग्राम यांच्यामध्ये उभा राहून सगळा कारभार बघणारा गाभा.

गेल्या वर्षी माझ्या युनिटमधल्या एका दिवंगत हवालदाराच्या पत्नी महूला आमच्या घरी आल्या. फॅमिली पेन्शनचे कागद ऑनलाइन पाठवायचे होते, शेवटचा दिवस होता. सकाळीच मी उबंटू अपडेट करून ठेवलेलं. लॅपटॉप सुरू केला तर वाय-फाय गायब! फोन केबलने जोडून नेट घ्यावं, हे त्या घाईत सुचलंच नाही. "साहेब, होईल ना?" त्यांनी दोनदा विचारलं.

मी अपडेट केलं होतं, म्हणजे संशयित ठरलेला. लॅपटॉप पुन्हा सुरू करताना एस्केप दाबून ग्रबचा मेनू आणला (जुन्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवावी लागते), 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडला. वाय-फाय आलं, कागद गेले. चौकशी त्या गेल्यावर.

असं का होतं? लिनस टोरवाल्ड्स यांचा दंडक आहे की कर्नल बदलला तरी वापरणाऱ्याचे प्रोग्राम चालले पाहिजेत. कर्नलच्या आतल्या जोडण्यांबद्दल मात्र असं कुठलंही वचन नाही. कर्नलसोबत येणारे ड्रायव्हर त्याच्याबरोबरच बदलतात. बाहेरून बसवलेला ड्रायव्हर मात्र प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो. म्हणून अपडेटनंतर वाय-फाय, ग्राफिक्स कार्ड, व्हर्च्युअल मशीन अडतात. पत्र लिहिण्याचा प्रोग्राम सहसा अडत नाही.

हे पुन्हा बांधण्याचं काम डीकेएमएस आपोआप करतं, पण त्याला त्या कर्नलच्या हेडर फाइल लागतात. आणि डिस्कवर जागा करायची म्हणून त्या मीच काढून टाकल्या होत्या! दोष शंभर टक्के माझा.

आता दुरुस्ती. नव्या कर्नलमध्ये गेलो, या वेळी फोन केबलने जोडला. 'यूनेम -आर'ने चालू कर्नलचा क्रमांक पाहिला, 'डीकेएमएस स्टेटस'मध्ये त्या क्रमांकापुढे ड्रायव्हर नव्हताच. 'लिनक्स-हेडर्स-जेनेरिक' बसवलं, 'सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल' दिलं, पुन्हा सुरू केलं. झालं.

ड्रायव्हर बांधला जाऊनही चढत नसेल, तर सिक्युअर बूट तपासा. सही नसलेल्या ड्रायव्हरला ते आत सोडत नाही. आणि बांधतानाच चुका येत असतील तर ड्रायव्हरचा कोड बहुधा नव्या कर्नलच्या मागे राहिलाय. मग त्याची नवी आवृत्ती येईपर्यंत जुन्या कर्नलवरच राहा, आणि तोवर तो पुसू नका.

वहिनींचा महिन्याभराने फोन आला. पेन्शन सुरू झाली होती.