पंख दगा देतो तेव्हा : मोठ्या मॉडेल विमानांचा ‘स्टॉल’ आणि त्यावरचे इलाज

रेडिओवर चालणारं मोठं मॉडेल विमान आकाशात कोलांट्या मारतं, उलटं उडतं, शेपटीवर उभं राहतं. बघणाऱ्यांच्या छातीत धडधडतं ते तेव्हा. खरं संकट मात्र बहुतेक वेळा कसरती संपल्यावर येतं. विमान उतरण्यासाठी वळतं, वेग मंदावतो आणि जमीन पंधरा-वीस मीटरवर आली असताना एक पंख अचानक खाली जातो. सावरायला वेळच उरत नाही. लोक म्हणतात, ‘इंजिन बंद पडलं.’ इंजिन चालूच असतं. बंद पडतं ते पंखाचं काम. यालाच स्टॉल म्हणतात. गाडी स्टॉल होते म्हणजे तिचं इंजिन बंद पडतं, म्हणून हा शब्द घोटाळ्याचा. विमानाच्या स्टॉलशी इंजिनाचा थेट संबंध नाही.

विमान हा विषय आपल्या जिल्ह्याला आता परका राहिलेला नाही. चिपीच्या सड्यावरचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. एनसीसीच्या हवाई शाखेतली मुलं मॉडेल विमानं बनवतात, अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्यांच्या स्पर्धाही होतात. हा छंद अंगात भिनला की काही जण मोठ्या कसरतीच्या विमानांकडे वळतात. पंखांची लांबी अडीच मीटरहून जास्त, वजन दहा-बारा किलो, शंभर सीसीच्या आसपासचं पेट्रोल इंजिन. याला खेळणं म्हणता येत नाही. ११ किलोचं विमान ताशी ७२ किलोमीटर वेगाने आदळलं, तर दीड किलोचा असोला नारळ दहा मीटर उंच माडावरून पडताना जितकी ऊर्जा घेऊन येतो, त्याच्या पंधरा पट ऊर्जा त्या धडकेत असते. म्हणून हा विषय आरोग्याच्या सदरात.

हवा पंख सोडते तेव्हा

‘वेग कमी झाला की स्टॉल होतो’ हे अर्धसत्य आहे. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यामध्ये एक कोन असतो. वेग कमी झाला तरी विमानाचं वजन तेवढंच राहतं. ते पेलण्यासाठी पंखाचं पुढचं टोक अधिक वर उचलावं लागतं, म्हणजे कोन वाढवावा लागतो. साधारण १५ अंशांच्या आसपास एक मर्यादा येते. तोपर्यंत पंखाच्या पाठीला चिकटून वाहणारी हवा सुटते, भोवरे होतात, उचल कोसळते. याचा अर्थ असा, की एलिव्हेटरची काडी जोरात ओढली तर भर वेगातही स्टॉल होऊ शकतो.

डॉक्टरांना हे चित्र ओळखीचं वाटेल. मानेतली कॅरोटिड धमनी दुभागते तिथे ती थोडी फुगीर असते. त्या जागी रक्ताचा प्रवाह बाहेरच्या भिंतीपासून सुटतो, मंदावतो, मागे फिरतो. आणि चरबीचे थर नेमके तिथेच जास्त साचतात. प्रवाह भिंतीला धरून वाहतो तोवर ठीक, सुटला की आजार सुरू. हवा असो की रक्त, नियम एकच.

आता थोडं गणित. अडीच मीटर पंखाचं, ११ किलोचं विमान घ्या. पंखांचं क्षेत्रफळ सव्वा चौरस मीटर. ते सरळ उडताना ताशी सुमारे ४२ किलोमीटरला स्टॉल होईल. तेच १३ किलोचं बनलं तर ४६ च्या आसपास. ६० अंश कलून वळलं तर पंखांवर दुप्पट भार येतो आणि ११ किलोचंच विमान ५९ ला स्टॉल होतं. उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणात विमानं का पडतात, याचं उत्तर या तीन आकड्यांत आहे.

रुग्णालयातल्या खाटेवर सुचलेली फट

स्टॉलने पहिल्यापासून बळी घेतले. जर्मनीचा ओटो लिलिएंथाल याने शेकडो यशस्वी उड्डाणं केली होती. ९ ऑगस्ट १८९६ रोजी त्याचं ग्लायडर स्टॉल होऊन सुमारे १५ मीटरवरून पडलं. मणका मोडला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. १९१७ मध्ये गुस्ताव लाखमान नावाचा जर्मन वैमानिक अशाच अपघातातून वाचला. रुग्णालयात पडल्यापडल्या त्याला कल्पना सुचली, की पंखाच्या पुढच्या कडेला एक अरुंद फट ठेवली तर तिच्यातून येणारी जोरकस हवा पाठीवरच्या थकलेल्या हवेला पुन्हा चिकटवून धरेल. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये हँडली पेज यांनाही स्वतंत्रपणे हेच सापडलं. पुढे लाखमान त्यांच्याच कंपनीत कामाला गेला.

निसर्गाने ही फट कधीच करून ठेवली होती. पक्ष्याच्या पंखावर अंगठ्याच्या हाडाला तीन-चार आखूड पिसं असतात. मालवणच्या किनाऱ्यावर मासळीवर घिरट्या घालणारी घार बसण्याच्या बेतात असताना तिचा फोटो काढा. तो अंगठा वर उचललेला दिसेल.

मग मॉडेल विमानाला ही फट का देत नाहीत? कारण कसरतीच्या विमानाला उलटंही तितकंच चांगलं उडावं लागतं. त्याचा पंख वर-खाली सारखाच असतो. साध्या विमानात पंखाची टोकं किंचित खाली पिळलेली ठेवतात, म्हणजे आधी बुडाकडचा भाग स्टॉल होतो आणि टोकं शेवटपर्यंत काम करत राहतात. कसरतीच्या विमानात तीही सोय नसते. शिवाय एलिव्हेटर प्रचंड मोठा, वजन थोडं मागे. ज्या गुणांमुळे हे विमान हवेत नाचतं, तेच उतरताना अंगावर येतात.

आधी निदान

ताप आला की लगेच प्रतिजैविक सुरू करणं आणि पंख पडला की लगेच नवा जायरो बसवणं, दोन्ही सारखंच. आधी लक्षण नीट पाहावं. विमान वाऱ्यावर तोंड करून शंभर मीटरच्या आसपास न्या, थ्रॉटल कमी करा, उंची टिकवत एलिव्हेटर हळूहळू ओढा आणि काय होतं ते पाहा. मग काडी सोडा, थ्रॉटल द्या, सावरा. तीन-चार वेळा करा आणि लिहून ठेवा. हा विमानाचा केस पेपर.

नाक सरळ खाली गेलं आणि लगेच सावरलं, तर विमान निरोगी आहे. दर वेळी एकच पंख पडत असेल तर दोष विमानात आहे : एका पंखात वजन जास्त, एखादा पंख पिळलेला, किंवा एक एलेरॉन किंचित खाली राहिलेला. कधी डावा, कधी उजवा पडत असेल तर एलिव्हेटरची हालचाल फार मोठी आहे, गुरुत्वमध्य मागे आहे किंवा उडवणाऱ्याची सवय चुकते आहे.

गुरुत्वमध्य तपासण्याची जुनी रीत सोपी आहे. विमान ४५ अंशांत वर चढवा, तिथेच उलटं करा आणि काडी सोडा. झपाट्याने जमिनीकडे वळलं तर नाक जड. आणखी आकाशाकडे चढलं तर शेपूट जड. अगदी हळू खाली झुकलं तर योग्य. शेपूट जड असेल तर विमान मंद वेगात अस्वस्थ होतं आणि स्टॉल झाल्यावर गिरक्या घेतं. नाक फारच जड असेल तर उतरताना एलिव्हेटर पुरत नाही आणि विमान धपकन बसतं.

मग इलाज

पहिला इलाज वजनाचा. शेपूट जड असेल तर नाकात शिसं भरण्याआधी बॅटऱ्या पुढे सरकवता येतात का पाहा. शिसं आजार बरा करतं, पण स्टॉलचा वेग वाढवतं. दोन्ही पंख तोलून हलक्या बाजूच्या टोकाला थोडं वजन लावा. पंख पिळलेला असेल तर तो कोन मोजून सरळ करावा लागतो. ट्रिमने तो झाकला जातो, जात नाही.

दुसरा इलाज रिमोटमध्ये. एलिव्हेटरची कसरतीची ४५ अंशांची हालचाल उतरताना ठेवू नका. एका स्विचवर कमी हालचाल लावा. काडी चुकून पूर्ण ओढली तरी पंख मर्यादेबाहेर जाणं अवघड होतं. त्याच स्विचवर दोन्ही एलेरॉन काही अंश वर उचलता येतात. त्यामुळे पंखाची टोकं फक्त उतरण्यापुरती खाली पिळल्यासारखी वागतात आणि कसरतीच्या वेळी पंख पुन्हा सारखा. याने नाकाची ठेवण बदलते, म्हणून पहिली चाचणी उंचावरच.

तिसरा इलाज बिजागरीचा. पंख आणि एलेरॉन यांच्यातल्या फटीतून खालची हवा वर झिरपते आणि एलेरॉनचा जोर कमी होतो. पातळ पारदर्शक टेपने ती बंद करा.

चौथा आणि सर्वांत अवघड इलाज बोटांचा. पंख खाली गेला की हात आपोआप उलट बाजूला एलेरॉन देतो. त्याने पडलेल्या पंखाचा एलेरॉन खाली येतो, त्या पंखाचा कोन आणखी वाढतो आणि तो अधिकच स्टॉल होतो. आधी एलिव्हेटर सोडायचा, थ्रॉटल द्यायचा, पंख रडरने थोपवायचा. हवा पुन्हा धरली की मग एलेरॉन. जमीन जवळ दिसत असताना काडी सोडणं मनाला पटत नाही. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचं ४४७ हे विमान अटलांटिक महासागरात कोसळून २२८ माणसं गेली. वेग दाखवणारी उपकरणं बिघडल्यावर विमान स्टॉल झालं, तरी काडी मुख्यतः मागेच ओढलेली राहिली. प्रशिक्षित वैमानिकांचं हे होतं, तिथे छंद म्हणून उडवणाऱ्याने उंचावर वारंवार सराव करण्याला पर्याय नाही.

जायरोबद्दल एवढंच, की तो वाऱ्याच्या धक्क्यांत मदत करतो. पण पडणारा पंख उचलण्यासाठी तोही एलेरॉनच वापरतो. पोटदुखीवर स्वतःच गोळ्या घेत राहिलं की अपेंडिक्सचं दुखणं झाकलं जातं, तसा जायरो मूळ दोष झाकतो. निदान झाल्यावर वापरा.

आपल्याकडचा वारा

मोठी मोकळी जागा म्हणजे आपल्याकडे सडा नाहीतर किनारा. दुपारनंतर समुद्रावरचा वारा वाढतो. वारा ताशी २० किलोमीटर असेल आणि विमान वाऱ्याबरोबर जात असेल, तर जमिनीवरून ते ६० ने धावताना दिसतं. हवेत त्याचा वेग ४० असतो, म्हणजे मघाच्या विमानासाठी स्टॉलच्याही खाली. ‘जोरात जातंय’ म्हणून थ्रॉटल कमी केला की संपलं. उतरताना आणखी एक सापळा असतो. सुरूच्या बनाआड किंवा जमिनीलगत वारा एकदम मंद होतो आणि समोरच्या वाऱ्यावर टेकलेलं विमान तो आधार गमावतं. म्हणून वाऱ्याच्या दिवशी थोडा थ्रॉटल ठेवूनच उतरावं. सड्याच्या कड्याजवळ हवा वर-खाली उसळते, तिथून दूरच राहावं. मे महिन्यात ३५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सहा-सात टक्के विरळ असते. थंडीत नीट बसलेला अंदाज उन्हाळ्यात थोडा कमी पडतो.

२०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतच्या, छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या मॉडेल विमानांना टाइप सर्टिफिकेट लागत नाही. आकाशाचे लाल, पिवळे, हिरवे विभाग मात्र त्यांनाही लागू आहेत. चिपी जवळ असल्याने डिजिटल स्काय नकाशा पाहूनच जागा निवडा.

अपघात झालाच तर

विमानाइतकाच घातक त्याचा पंखा. इंजिन सुरू करताना विमान मागून कोणीतरी धरलेलं असावं. पंख्याच्या समोर किंवा बाजूला कोणी, विशेषतः मुलं, उभी नकोत. बोट कापलं तर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरा. हळद किंवा कॉफी पावडर भरू नका. जखम धुऊन शिवण्यात अडथळा येतो. अंगठी असेल तर सूज येण्याआधी काढा. बोट तुटलंच तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि सोबत आणा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर पेशी मरतात. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. विमान डोक्याला लागलं आणि नंतर उलट्या, गुंगी किंवा विसरभोळेपणा दिसला, तर जखम लहान असली तरी रुग्णालयात या.

बघायला आलेल्यांना नेहमी उडवणाऱ्याच्या मागे, सुरक्षित अंतरावर उभं करा. उतरण्याची वाट त्यांच्या डोक्यावरून जाता कामा नये. आणि नवीन किंवा दुरुस्त केलेलं विमान असेल, तर स्टॉलची चाचणी उंचावर झाल्याशिवाय त्या दिवशी प्रेक्षकांना बोलावूच नका.