राज्याची हद्द ओलांडणारे बिऱ्हाड

बिऱ्हाड हलवणे म्हणजे सामान हलवणे, ही समजूत एकाच शहरापुरती खरी असते. पिंपरी-चिंचवडमध्ये आकुर्डीहून मोशीला किंवा चाकणजवळ खराबवाडीहून मेदनकरवाडीला घर बदलताना एक टेम्पो, दोन-चार हमाल आणि सुट्टीचा एक दिवस पुरतो. मात्र तेच बिऱ्हाड गुजरातमधील साणंदला किंवा उत्तराखंडातील पंतनगरला न्यायचे ठरले की सामानाहून कागदपत्रांचा प्रश्न मोठा होतो, कारण भारतात काही हक्क माणसाबरोबर देशभर फिरतात, तर काही हक्क राज्याच्या हद्दीवर येऊन थांबतात. कोणता हक्क कोणत्या गटात मोडतो याचा विचार न करता आखलेले स्थलांतर बहुधा ट्रकचे भाडे आणि रुजू होण्याची तारीख या दोनच गोष्टींवर ठरते, आणि त्याचा भुर्दंड वर्षा-दोन वर्षांनी, बहुतेक वेळा मुलांच्या प्रवेशाच्या वेळी, लक्षात येतो.

पिंपरी-चिंचवड हे मुळात येणाऱ्यांचे शहर आहे. १९५४ मध्ये स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना, त्यानंतरच्या दशकात आलेले टेल्को (म्हणजे आजची टाटा मोटर्स) आणि बजाज, ११ ऑक्टोबर १९८२ रोजी झालेली महानगरपालिका, १९९९ पासून चाकणमध्ये बजाजचे आणि २००९ मध्ये फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने, या प्रत्येक टप्प्यावर बाहेरची माणसे इथे येत राहिली. जाण्याची वाट त्या मानाने अलीकडची आहे. २००३ मध्ये केंद्र सरकारने उत्तराखंड आणि हिमाचल प्रदेशासाठी उत्पादन शुल्क व प्राप्तिकरातील सवलतींचे औद्योगिक धोरण जाहीर केले, त्याचा परिणाम म्हणून २००७ मध्ये टाटा मोटर्स आणि बजाज ऑटो या दोन्ही कंपन्यांचे कारखाने पंतनगरला सुरू झाले आणि त्याच वर्षी बजाजने आकुर्डीतील वाहनांचे उत्पादन थांबवले. पुढे ऑक्टोबर २००८ मध्ये टाटा मोटर्सने बंगालमधील सिंगूर सोडले आणि नॅनो गाडीचा कारखाना २०१० मध्ये साणंदला उभा राहिला. नव्या ठिकाणी यंत्रे नवी बसवता येतात, पण ती चालवणारे हात अनुभवी लागतात. त्यामुळे या पट्ट्यात नोकरी करणाऱ्या कुटुंबाच्या आयुष्यात परराज्यातील बदलीचा आदेश ही आता अपवादाची गोष्ट उरलेली नाही.

अशा आदेशानंतर पाहण्याची पहिली गोष्ट म्हणजे मुलाची इयत्ता. वैद्यकीय प्रवेशात शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरल्या जातात, आणि महाराष्ट्राच्या कोट्यासाठी अधिवासाबरोबर, म्हणजे राज्यातील कायम वास्तव्याच्या दाखल्याबरोबर, दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांतून उत्तीर्ण होण्याची सर्वसाधारण अट आहे. केंद्र व राज्य सरकारच्या बदली झालेल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना काही अपवाद मिळतात, खासगी कारखान्यातील नोकरदाराच्या मुलांना मात्र ते मिळत नाहीत. याचा सरळ अर्थ असा की, नववीतील मुलगी चिंचवडहून अहमदाबादला गेली, तिथे दहावी झाली आणि बारावीसाठी ती परत आली, तरी वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत कितीही गुण मिळाले तरी महाराष्ट्राच्या कोट्याचे दार तिच्यासाठी बंद राहू शकते. अभियांत्रिकीचे नियम त्या मानाने सैल आहेत, कारण तिथे विद्यार्थ्याच्या किंवा आई-वडिलांपैकी एकाच्या महाराष्ट्रातील अधिवासावर राज्याचा उमेदवार म्हणून अर्ज करण्याची वाट उपलब्ध असते. म्हणून मूल आठवीत असेल तर सर्वांनी मिळून निघणे आणि दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर असेल तर कमावत्या व्यक्तीने एकट्याने पुढे जाणे, हा फरक भावनेपेक्षा नियमांवर ठरवणे शहाणपणाचे असते; दोन ठिकाणी चूल मांडण्याचा खर्च टोचतो खरा, पण खासगी महाविद्यालयाच्या शुल्कापुढे तो किरकोळ असतो.

अधिवासाचा दाखला निघण्यापूर्वीच काढून ठेवणे यासाठी महत्त्वाचे आहे. तो महाराष्ट्रातील सलग १५ वर्षांच्या वास्तव्यावर मिळतो. पिंपरी-चिंचवडकरांना तो अप्पर तहसीलदार कार्यालयामार्फत आणि चाकणकरांना खेड तहसीलमार्फत, 'आपले सरकार' पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात अर्ज करून मिळवता येतो. परराज्यात चार वर्षे काढल्यानंतर 'सलग' या शब्दावर कारकुनाशी वाद घालत बसण्यापेक्षा ज्या वर्षी शाळेचा बोनाफाइड, वीजबिल आणि शिधापत्रिका हाताशी आहेत त्याच वर्षी हे काम उरकणे सोपे असते.

शाळा सोडल्याचा दाखला हा दुसरा कागद, आणि तो घेताना फार घाई होते. महाराष्ट्रातील दाखल्यावर विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, आईचे नाव, जन्मस्थळ, जात, मातृभाषा आणि जनरल रजिस्टरचा क्रमांक अशा नोंदी असतात. यांतील आईचे नाव किंवा जन्मतारीख आधारकार्डाशी जुळत नसेल तर मूल शाळेच्या पटावर असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्ती तुलनेने सहज होते, परंतु शाळा सोडल्यानंतर तीच दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीचा विषय बनते. परराज्यातील शाळा या दाखल्यावर बहुधा जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी, म्हणजे दाखला खरा असल्याची सही-शिक्क्यासह खात्री, मागतात. ती न घेता निघालेल्या पालकांना एका सहीसाठी पुण्याची फेरी करावी लागते. दहावी झालेल्या मुलाला याशिवाय राज्य मंडळाच्या पुणे विभागाकडून स्थलांतर प्रमाणपत्र घ्यावे लागते. शिवाय वर्षाची सुरुवात सगळीकडे सारखी नसते. राज्य मंडळाच्या शाळा जूनमध्ये उघडतात, तर सीबीएसईचे वर्ष एप्रिलपासून सुरू होते, त्यामुळे मे अखेरीस निघून पंतनगरच्या सीबीएसई शाळेत जाणारे मूल दोन महिने मागे पडलेले असते. स्थानिक भाषेचाही विचार करावा लागतो: महाराष्ट्राने २०२० मध्ये शाळांतून मराठी सक्तीची केली तसे तमिळनाडूने २००६ मध्ये तमिळसाठी आणि गुजरातने २०२३ मध्ये गुजरातीसाठी कायदे केले आहेत, आणि पाचवीतील मुलाला नवी लिपी शिकणे जितके जमते तितके नववीतील मुलाला जमत नाही.

राखीव प्रवर्गातील कुटुंबांसाठी राज्याची हद्द अधिक कठोर ठरते. राज्यघटनेच्या ३४१ आणि ३४२ या अनुच्छेदांनुसार अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यनिहाय असतात, आणि स्थलांतरिताला नव्या राज्यात जुन्या राज्याच्या यादीचा लाभ मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मर्री चंद्रशेखर राव खटल्यात ठरवले. हा खटला मुंबईचाच होता: आंध्र प्रदेशात अनुसूचित जमातीत गणल्या जाणाऱ्या समाजातील, वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणी मुंबईत आलेल्या तरुणाने सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागा मागितली, पण त्याचा दावा न्यायालयात टिकला नाही. २०१८ च्या बीर सिंग खटल्यात घटनापीठाने तेच तत्त्व कायम ठेवले. पिंपरीहून साणंदला गेलेल्या कुटुंबाचे गुजरात सरकारच्या नोकरीत आणि प्रवेशात आरक्षण राहत नाही. महाराष्ट्रात आणि केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत ते राहते. त्यामुळे मुलांचे जातीचे दाखले आणि जात पडताळणीची कागदपत्रे मूळ राज्यातूनच पुरी करून घेणे इष्ट, कारण महाराष्ट्रात त्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, तर इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे वास्तव्याचे पुरावे दाखवावे लागतात, आणि ते पुरावे गावच्या दप्तरात असतात, साणंदमध्ये नव्हे.

वाहनाच्या बाबतीत कायद्याने मुदत दिलेली आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या ४७ व्या कलमानुसार एका राज्यात नोंदवलेले वाहन दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवले तर तिथे नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. एमएच-१४ ही मालिका पिंपरी-चिंचवडबरोबर चाकणच्या वाहनांनाही असते, त्यामुळे ना-हरकत प्रमाणपत्र पिंपरी-चिंचवडच्या परिवहन कार्यालयाकडून, अर्ज क्रमांक २८ भरून, घ्यावे लागते. गाडीवर कर्ज असेल तर त्याआधी बँकेची संमती लागते. वाहनकर हा राज्याचा विषय असल्याने महाराष्ट्रात गाडी घेताना भरलेला एकरकमी कर नव्या राज्यात मोजला जात नाही. तिथे गाडीच्या उरलेल्या आयुष्यानुसार कर भरावा लागतो आणि महाराष्ट्रातील कराच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. तो परतावा मिळतो, पण त्यासाठी नवे नोंदणीपत्र हाती येईपर्यंत थांबावे लागते, आणि दोन राज्यांच्या कार्यालयांतील हेलपाटे पाहून पुष्कळ मालक तो सोडून देतात. वारंवार बदली होणाऱ्यांसाठी १५ सप्टेंबर २०२१ पासून 'बीएच' मालिका सुरू झाली असून चार किंवा अधिक राज्यांत, अथवा केंद्रशासित प्रदेशांत, कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारीही तीत बसतात. तीत कर दोन-दोन वर्षांसाठी भरता येतो आणि राज्य बदलले तरी क्रमांक बदलत नाही. पिंपरी-चाकण पट्ट्यातील मोठ्या वाहन कंपन्यांचे कर्मचारी या अटीत बसण्याची शक्यता पुष्कळ असते, फक्त ते कंपनीच्या प्रमाणपत्राने सिद्ध करावे लागते.

आता सामानाविषयी. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीतून स्वतंत्र ट्रक ठरवावा की 'पॅकर्स अँड मूव्हर्स'ला काम द्यावे, हा खर्चाचा भाग झाला. अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे बिल्टी, म्हणजे वाहतूकदाराने माल ताब्यात घेतल्याची पावती. २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याखालील नियमांनुसार मालाची किंमत आधी लिहून दिली नसेल तर नुकसानभरपाई भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते, आणि नुकसानीची लेखी नोटीस माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. म्हणून यादीत 'घरसामान ४० डाग' असे मोघम लिहू देऊ नये. फ्रिज, धुलाई यंत्र, दूरदर्शन संच यांची कंपनी, क्रमांक आणि आजची किंमत प्रत्येक डागासमोर लिहून त्याच यादीवर चालकाची सही घ्यावी. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही, याचे ज्ञान नसलेल्या ग्राहकाकडून त्या नावाखाली पैसे मागितले जाण्याचा संभव असतो. पाण्याची टाकी आणि इन्व्हर्टरची बॅटरी शक्यतो रिकामी करून द्यावी आणि गॅस सिलिंडर मात्र ट्रकमध्ये कधीच चढवू नये: सिलिंडर व रेग्युलेटर वितरकाकडे जमा करून हस्तांतर व्हाउचर घेतले की नव्या गावी त्याच कंपनीच्या वितरकाकडे चालू दराने अनामत भरून जोडणी मिळते. पाइप गॅस असलेल्या घरांनी महाराष्ट्र नॅचरल गॅसकडे जोडणी परत करून अनामत मागून घ्यावी. बदलीनिमित्त कंपनीने दिलेला पॅकिंग व वाहतुकीचा खर्च प्रत्यक्ष खर्चापुरता करमुक्त असल्याने बिले जपून ठेवावीत.

माणसाबरोबर फिरणाऱ्या हक्कांविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण ते आपोआप पुढे येतात. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक आणि कर्मचारी राज्य विमा योजनेचा क्रमांक देशभर तोच राहतो, फक्त मोहननगरच्या रुग्णालयाऐवजी नव्या गावचा दवाखाना नोंदवावा लागतो. मतदार यादीतील बदलासाठी अर्ज क्रमांक ८ पुरतो. अन्नसुरक्षा योजनेतील शिधापत्रिकेचे धान्य देशात कुठेही घेता येते आणि या सोयीची पहिली चाचणी ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगणा या जोड्यांतच झाली होती. महात्मा फुले जन आरोग्य योजना मात्र राज्याची आहे आणि ती बरोबर येत नाही.

इथल्या जोडण्या, नोंदी आणि घर सोडायचे की ठेवायचे, हे बदली किती टिकेल यावर अवलंबून असते आणि कारखान्यांच्या बाबतीत ते सांगणे अवघड असते. जनरल मोटर्सने गुजरातमधील हालोलचा कारखाना २०१७ मध्ये बंद केला तेव्हा तिथल्या कामगारांपुढे कंपनीच्या पुण्याजवळील तळेगावच्या कारखान्यात येण्याचा पर्याय होता. पण तळेगावातील उत्पादनही डिसेंबर २०२० मध्ये थांबले. म्हणून चिखलीतील किंवा यमुनानगरमधील स्वतःची सदनिका घाईने विकण्यापेक्षा भाड्याने देणे बहुतेकांना सोयीचे पडते. त्यासाठी दोन गोष्टी माहीत असाव्यात. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स करार ११ महिन्यांचा असला तरी त्याची नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी मालकाची असते, तर गृहनिर्माण संस्थेला बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे शुल्क, १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही. संस्थेच्या दप्तरात नवा पत्ता नोंदवून सर्वसाधारण सभेच्या सूचना तिथे पाठवण्याची लेखी विनंती केली की थकबाकीचे पत्र बंद दारावर चिकटून राहण्याचा प्रसंगही टळतो.