जड धातू आणि वऱ्हाडचे अन्नपाणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

शिसे, कॅडमियम, पारा हे जड धातू आणि त्यांच्यासोबत गणले जाणारे आर्सेनिक कुजत नाहीत, जळून नाहीसेही होत नाहीत. खडक, राख, खत, नळ किंवा भांडे यांतून ते अन्नपाण्यात उतरतात आणि शरीरात साठत जातात. अमरावती-अकोल्याच्या परिसरात त्यांच्याविषयीचे पुढील गैरसमज दूर होणे गरजेचे आहे.

गैरसमज : खाऱ्या पाण्यातच धातू असतात, गोडे पाणी निर्धोक.

वस्तुस्थिती : पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचा खारेपणा मुख्यतः सोडियम, क्लोराइड, बायकार्बोनेट या क्षारांमुळे आहे. पाण्यातील शिसे चवीला कळत नाही. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्यात लिटरमागे शिसे ०.०१ आणि कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. टीडीएस मीटर सगळ्या विरघळलेल्या क्षारांचा एकत्रित अंदाज देतो. इतके सूक्ष्म प्रमाण त्यात दिसत नाही.

गैरसमज : उकळले, तुरटी फिरवली की पाणी शुद्ध.

वस्तुस्थिती : उकळल्याने जंतू मरतात, तुरटीने गाळ बसतो. विरघळलेले शिसे मात्र उडून जात नाही. पाणी आटते तसे त्याचे प्रमाण उलट वाढते. आरओ यंत्र बहुतेक धातू अडवते, पण ते त्याच्या सांडपाण्यात उतरतात. ते पाणी पिण्यास वा स्वयंपाकास वापरू नये.

गैरसमज : कारखाना नाही तेथे धोका नाही.

वस्तुस्थिती : पारससारख्या औष्णिक वीज केंद्रात कोळसा जळतो तेव्हा त्यातील धातू राखेत एकवटतात, हे खरे. परंतु स्फुरदयुक्त खतांतून कॅडमियम, तर जुन्या पितळी तोट्या आणि शिशाच्या डाखातून शिसे कुठल्याही गावात पोहोचते. वऱ्हाडची काळी, चुनखडीयुक्त जमीन कॅडमियम बरेचसे धरून ठेवते. तरी पालकासारख्या पालेभाज्या ते इतर पिकांपेक्षा जास्त शोषतात. धुतल्याने पानावरची धूळ जाते, पानात शिरलेला धातू जात नाही.

गैरसमज : पितळी भांडे नेहमीच आरोग्यदायी.

वस्तुस्थिती : कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक-कढी कळकते. आंबटामुळे तांबे अन्नात उतरते आणि मळमळ, उलट्या होतात. कल्हई शुद्ध कथलाची हवी. कथलात शिसे मिसळलेले असल्यास तेही अन्नात येते.

गैरसमज : हळद जितकी पिवळीधमक तितकी अस्सल.

वस्तुस्थिती : तो रंग लेड क्रोमेटचा, म्हणजे शिशाच्या संयुगाचा असू शकतो. हळकुंडांनाही त्याचे पॉलिश करतात. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे आढळले. जनजागृती आणि कारवाईनंतर २०२१ मध्ये ते प्रमाण शून्यावर आले.

गैरसमज : विषबाधा झाली तर लगेच कळते.

वस्तुस्थिती : शिसे हाडांत साठते आणि मुलांच्या मेंदूच्या वाढीवर आघात करते, कॅडमियम मूत्रपिंडात दशकानुदशके राहते. लक्षणे दिसेपर्यंत हानी झालेली असते. त्यामुळे विहीर-बोअरचे पाणी प्रयोगशाळेत देताना क्षार आणि जंतूंबरोबर जड धातूंची तपासणी स्पष्टपणे मागावी.