विमान कंपनीचे, पैसा खजिन्याचा

उमराहला किंवा आखातात नोकरीला निघालेल्या माणसाचे लक्ष तिकिटाच्या दरावर आणि सामानाच्या वजनावर असते. विमान बोइंगचे की एअरबसचे, हे सहसा कोणी विचारत नाही. पण जगातली बहुतेक मोठी प्रवासी विमाने या दोनच कंपन्या बनवतात, आणि दोघींच्याही पाठीशी सरकारी खजिना उभा आहे.

एअरबसला पैसा समोरच्या दाराने मिळाला. १९७० मध्ये फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने मिळून ती उभी केली. पुढे स्पेन व ब्रिटन आले. नवे विमान काढायचे तर ही सरकारे आधी कर्ज देत. विमाने खपली तर विक्रीतून फेडायचे, नाही खपली तर सरकारचे नशीब! अशा अटीवर आपल्या गावच्या किराणा दुकानदाराला कोणती बँक उभे करील?

बोइंगच्या बाजूने सांगितले जाते की ती स्वतःच्या हिमतीवर वाढली. आम्हाला हे अर्धेच पटते. १९५४ मध्ये तिने स्वखर्चाने जेट विमानाचा नमुना उडवला, हे खरे. पण त्यावर पहिली मोठी मागणी आली ती अमेरिकी हवाई दलाची, आकाशात दुसऱ्या विमानांना इंधन पुरवणाऱ्या केसी-१३५ टँकरची. असे सातशेहून अधिक टँकर बनले. त्याच नमुन्यातून ७०७ हे प्रवासी विमान निघाले आणि १९५८ मध्ये प्रवाशांना घेऊन उडू लागले. लष्कराच्या कामावर कारागिरांचा हात बसला, आणि तो बसलेला हात प्रवासी विमानाच्याही उपयोगी पडला. हा मागच्या दाराचा पैसा. शिवाय २००३ मध्ये वॉशिंग्टन राज्याने नव्या विमानाचे काम आपल्याकडे राहावे म्हणून तिला भरघोस करसवलतही दिली.

१९९२ मध्ये दोन्ही बाजूंनी अशा मदतीवर मर्यादा घालणारा करार केला. २००४ मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली आणि जागतिक व्यापार संघटनेकडे गेली. युरोपनेही उलट तक्रार ठोकली. पंधरा वर्षे खटला चालला. निकाल काय? दोघेही दोषी! २०१९ मध्ये अमेरिकेला वर्षाला साडेसात अब्ज डॉलरच्या युरोपीय मालावर जादा जकात लावायची मुभा मिळाली, पुढच्या वर्षी युरोपला सुमारे चार अब्जांची.

मग जकात बसली कोणावर? विमानांवर बसली, पण त्यांच्यावर सुरुवातीला दहाच टक्के. स्पेनचे जैतून व जैतुनाचे तेल आणि इटलीचे चीज यांवर मात्र पंचवीस टक्के. ज्या शेतकऱ्याने विमानाचा एक खिळाही बनवला नाही, त्याचा माल अमेरिकेत महागला. हा कुठला इन्साफ? जून २०२१ मध्ये दोन्ही बाजूंनी पाच वर्षांसाठी या जकाती थांबवल्या, तेव्हा त्याची सुटका झाली.

२०२३ च्या फेब्रुवारीत टाटांच्या एअर इंडियाने ४७० विमानांची खरेदी जाहीर केली. २५० एअरबसची, २२० बोइंगची. त्या वेळी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष दूरदृश्य कार्यक्रमाला हजर होते, आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी या सौद्याने आपल्या देशात दहा लाखांहून अधिक रोजगारांना आधार मिळेल असे जाहीर केले. गिऱ्हाईक आपले होते. दुकानाच्या गल्ल्यावर दोन्हीकडे सरकारे बसली होती.