‘मी माणूस नाही’ असे मूल म्हणाले तर

ब्लडप्रेशर, मधुमेह आणि गुडघे या विषयांवर आपण या सदरात बरेच बोललो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. इथे जी.पी. म्हणून काम करताना तो माझ्यापर्यंत क्वचितच येतो, पण मंडळातल्या एका ताईंनी विचारले म्हणून त्यांच्या परवानगीने लिहीत आहे. त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी म्हणते की आपण आतून लांडगा आहोत, हा देह आपला वाटत नाही. कान टोकदार करून घेण्यासाठी ती पैसे साठवते आहे. वडील हसले, आजी दृष्ट काढा म्हणाल्या, आणि मुलीने बोलणेच सोडले.

या सततच्या व्यथेला ‘स्पीशीज डिस्फोरिया’ म्हणतात. हौसेने प्राण्याचा पोशाख घालणे वेगळे. आपण खरोखरच प्राणी झालो आहोत असा भ्रम होणे तर फारच वेगळे. तो गंभीर मानसिक आजारात होतो आणि तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाकडे लगेच जावे. या मुलीला आपला देह माणसाचा आहे हे पक्के ठाऊक आहे. तेच तिला सोसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची नवी यादी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात स्पीशीज डिस्फोरिया नाही. म्हणून दुःख खोटे ठरत नाही. मात्र त्यावर शस्त्रक्रियेचा उपाय कुणी अभ्यासून सिद्ध केलेला नाही. लिंगबदलाच्या उपचारांमागे अनेक दशकांचा अनुभव आहे, लहान वयातील उपचारांबद्दल वाद असले तरी. त्यामुळे एकाचे उदाहरण देऊन दुसऱ्याची थट्टा करणे योग्य नाही.

जवळचे उदाहरण स्कॉटलंडमधले आहे. फॉलकर्कच्या रुग्णालयात रॉबर्ट स्मिथ या सर्जननी १९९७ आणि १९९९ मध्ये दोन रुग्णांचा प्रत्येकी एक धडधाकट पाय, त्यांच्याच आग्रहावरून, कापला. तो पाय त्यांना आपला वाटत नव्हता. आपण नाही म्हटले तर असे रुग्ण स्वतःच जिवावर बेतेल असे काही करतील, असा स्मिथ यांचा मुद्दा होता. २००० साली बातमी फुटली आणि रुग्णालयाने अशा शस्त्रक्रिया थांबवल्या. स्मिथ यांचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. पण कापलेला पाय परत येत नाही, आणि पुरावा इतका तोकडा असताना डॉक्टरने सुरी उचलू नये असे माझे मत आहे.

डॉक्टर नाही म्हणाले की लोक टॅटूच्या दुकानात जातात. वुल्व्हरहॅम्प्टनच्या एका दुकानदाराने गिऱ्हाइकांच्या संमतीने एकाचा कान काढला, एकीची जीभ दुभंगली. अपील कोर्टाने २०१८ मध्ये सांगितले की अशा कामात गिऱ्हाइकाची संमती हा बचाव होत नाही. २०१९ मध्ये त्याला तीन वर्षे चार महिन्यांची कैद झाली.

आता पैशांचे. निव्वळ रूप बदलण्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च एन.एच.एस. सहसा करत नाही. परदेशात जाऊन करून घेतली तर साधा प्रवास विमा बहुधा उपयोगी पडत नाही. जंतुसंसर्ग झाला तर तातडीचे उपचार मिळतील, पण बिघडलेला कान नीट करण्याचा खर्च बहुधा स्वतःच करावा लागेल. साठवलेले पैसे कमी पडतात ते इथेच.

मग आईवडिलांनी काय करावे? आधी ऐकावे. ऐकून घेणे म्हणजे शस्त्रक्रियेला होकार देणे नव्हे. खोटे बोलून तिला लांडगा म्हणायची गरज नाही, तशीच हुज्जत घालायचीही नाही. हे कधीपासून वाटते, केव्हा जास्त त्रास होतो, हे विचारावे. झोप, भूक, कॉलेज, मैत्रिणी यांकडे लक्ष ठेवावे. मागे नैराश्य किंवा एकटेपणा असू शकतो आणि त्यावर उपाय आहेत. पोशाख, शेपटी, चित्रे यांनी बरे वाटत असेल तर वाटू द्यावे. ते केव्हाही काढून ठेवता येते.

इंग्लंडमध्ये जी.पी.कडे नाव नोंदलेल्या प्रौढांना एन.एच.एस. टॉकिंग थेरपीजकडे चिठ्ठीशिवाय थेट जाता येते. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा ऐकू आली तर १११ वर फोन करून मानसिक आरोग्याचा पर्याय निवडावा. जीव लगेच धोक्यात असेल तर ९९९. समॅरिटन्सचा ११६ १२३ हा नंबर रात्रंदिवस मोफत आहे. हे नंबर घरात फ्रिजवर लावून ठेवावेत.