वजन काट्यावर बरोबर, पोटावर नाही

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात दोन डॉक्टरांचं एक छायाचित्र छापून आलं. एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक. उंची आणि वजन यांच्या गणितातून निघणारा बीएमआय दोघांचाही अगदी सारखा, २२.३. तक्ता कुठलाही काढा, दोघंही धडधाकट. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काटा दोघांबद्दल एकच गोष्ट सांगत होता आणि शरीरं दोन.

याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत होते. तिथल्या नवजात बाळांचं वजन सरासरी २.७ किलो होतं, तर इंग्लंडमधल्या साउथँप्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं लहान, हे कुणालाही ठाऊक होतं. नवी गोष्ट ही, की या किरकोळ बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव कमी भरले होते, चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. बारीक दिसणारं, पण आतून चरबीचं शरीर जन्मापासूनच घडत होतं.

हे पुण्याकडचं झालं. पण शेगाव-खामगावच्या बाजारात किंवा चिखलीच्या एसटी स्टँडवर घटकाभर उभं राहिलं तरी हा देह नजरेस पडतो: काडीसारखे हातपाय आणि शर्टाची खालची दोन बटणं ताणणारी ढेरी. बुलढाणा जिल्ह्यातून बायपाससाठी अकोला, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर गाठणाऱ्या अशा माणसाच्या घरचे म्हणतात, ‘जाड तर नाहीत हो आमचे बाबा, यांना काहून झालं असं?’ प्रश्न चुकीचा नाही, मोजपट्टी चुकीची आहे. भारतीयांसाठी डॉक्टरांनी २००९मध्ये एकमताने ठरवलेली रेघ अशी: बीएमआय २३च्या वर गेला की वजन जास्त, २५पासून लठ्ठपणा. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटर ओलांडली, की वजन काहीही असो, धोका सुरू. ‘इंडियाब’ या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात बीएमआयने लठ्ठ ठरणारे प्रौढ २८.६ टक्के होते आणि पोटाने लठ्ठ ठरणारे ३९.५ टक्के. मधल्या अंतरात ही ‘जाड नसलेली’ माणसं सापडतात.

चरबी ही नुसती साठवण नव्हे, हे १९९४मध्ये लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागल्यावर नीट कळू लागलं. चरबीच्या पेशी रक्तात संदेश सोडतात. कातडीखालची चरबी त्या मानाने गरीब. आतड्यांभोवतीची आणि यकृतात शिरलेली चरबी मात्र उपद्व्यापी असते. ती रक्तात मेदाम्लं ओतते, दाह वाढवणारी रसायनं सोडते, आणि इन्सुलिन असूनही स्नायू साखर उचलायला कुचराई करतात. मग साखर चढते, ट्रायग्लिसराइड वाढतं, चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, रक्तदाब वर जातो. ही मंडळी एकत्रच फिरतात, हे अमेरिकी डॉक्टर जेराल्ड रीव्हन यांनी १९८८मध्ये दाखवलं. आपल्या फाइलवर ‘शुगर, बीपी, ब्लॉकेज’ असे तीन वेगळे आजार लिहिलेले दिसतात, त्यांची मुळं बरीचशी एका जागी असतात.

अशा शरीरावर बायपास होते तेव्हा काय घडतं?

छातीचं मधलं हाड उभं कापतात, पायाची शीर आणि छातीच्या आतली धमनी घेऊन हृदयाच्या धमनीतल्या तुंबलेल्या जागेच्या पुढे नवी वाट जोडतात. शरीराच्या लेखी हा मोठा घाव असतो. अ‍ॅड्रिनालिन आणि कॉर्टिसोल उसळतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडू लागतं आणि इन्सुलिनचा जोर आणखी ओसरतो. आयुष्यात कधी मधुमेह न झालेल्या माणसाचीही साखर आयसीयूत दोनशेपर्यंत जाऊ शकते. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या पोटाळ माणसाची तर जातेच. अनेकांना आपल्याला मधुमेह आहे हे कळतं तेच ऑपरेशनच्या तपासण्यांत.

चढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी सुस्तावतात आणि जखमेत जंतूंचं फावतं. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरातले सर्जन अँथनी फर्नरी यांनी १९९९मध्ये २,४६७ मधुमेही रुग्णांचा हिशोब मांडला. हृदयशस्त्रक्रियेनंतर त्वचेखाली इन्सुलिन टोचण्याऐवजी ते शिरेतून सतत थेंबथेंब दिलं, तेव्हा छातीच्या हाडापर्यंत पोचणारा जंतुसंसर्ग २ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यावर आला. मग साखर अगदी नेहमीच्या पातळीवर आणायचा उत्साह जगभर पसरला. तोही २००९मध्ये विरला. अतिदक्षता विभागांतल्या ६,१०४ रुग्णांच्या ‘नाइस-शुगर’ चाचणीत साखर ८१ ते १०८च्या आत दाबून धरलेल्यांपैकी २७.५ टक्के दगावले, तर १८०च्या आत ठेवलेल्यांपैकी २४.९ टक्के. त्यामुळे आज आयसीयूत नर्स दर काही तासांनी बोट टोचते आणि १६०चा आकडा पाहूनही शांत असते, तेव्हा नातेवाइकांनी घाबरायचं कारण नसतं.

हाड तारेने बांधलेलं असतं. ते जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि पुरती ताकद यायला तीनेक महिने. इथे सुटलेलं पोट दुहेरी अडचण करतं. खोकताना, उठताना ते जखमेवर ताण देतं. पाठीवर झोपलं की श्वासपटलाला वर ढकलतं, फुप्फुसांचा तळ दबलेला राहतो आणि कफ साचतो. हे टाळायला दिलेलं तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र फुंकायचं नसतं. नळीतून श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायच्या असतात. ते घरी आल्यावर फळीवर ठेवून दिलं जातं, हे दुर्दैव. जड स्तन असलेल्या बायांना छातीची जखम दोन्ही बाजूंनी ओढली जाते, म्हणून त्यांना आधार देणारी घट्ट ब्रा किंवा पट्टा लागतो. ही साधी गोष्ट सांगायला संकोच आड येतो आणि टाके उसवल्यावर सगळे धावतात. पायावरची, शीर काढलेली जखमही जाड मांडीवर आणि मधुमेहात रेंगाळते. शिवाय बायपासनंतर पहिल्या काही दिवसांत बऱ्याच जणांच्या हृदयाची लय बिघडते, आणि लठ्ठपणात हे प्रमाण वाढतं.

मग लठ्ठ माणसं ऑपरेशनमध्ये जास्त दगावतात का? आकडे भलतंच सांगतात. अनेक देशांतल्या नोंदींत थोडं जास्त वजन असलेल्यांचं सुरुवातीच्या दिवसांत बरं चालल्याचं दिसतं. सर्वांत वाईट गत दोन टोकांची: फार लठ्ठ आणि फार किडकिडीत. हा ‘लठ्ठपणाचा विरोधाभास’ काहींना चरबीचं प्रशस्तिपत्रक वाटतो. तसा तो नाही. बीएमआयला चरबी कोणती आणि स्नायू कोणता हे कळतच नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात, ती शरीर स्नायूंतून उचलतं, आणि ज्याच्याकडे ती शिल्लक आहे तो तरतो. वऱ्हाडातला काटकुळ्या हातपायांचा, पोट सुटलेला माणूस या हिशोबात दोन्हीकडून तोट्यात आहे: चरबीचा उपद्रव पुरेपूर आणि स्नायूंची पुंजी तोकडी.

पैशाचा प्रश्न पूर्वीइतका राहिलेला नाही. २०१२मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना पुढच्या वर्षी राज्यभर पोचली, २०१७मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं, आणि कार्डावर बायपास होणं खेड्यापाड्यांतही परिचयाचं झालं. ऑपरेशन योजनेत बसतं. त्यानंतरचे तीन महिने मात्र घरात, ओट्यावर आणि शेताच्या बांधावर काढायचे असतात.

तिथे पहिला सामना ताटाशी. आजारातून उठलेल्याला ‘ताकद यावी’ म्हणून साजूक तुपातला शिरा आणि डिंकाचे लाडू, किंवा दुसऱ्या टोकाला नुसतं मुगाचं पाणी. दोन्हींत जखमेला हवं ते थोडंच. या जिल्ह्यात तूर, हरभरा, सोयाबीन पिकतं. तुरीचं घट्ट वरण, मोड आलेली मटकी, दही, चालत असेल त्याला अंडं, आणि ज्वारीची भाकर हे ताट महागडं नाही. पाटोडीचं बेसनही उत्तम, तिच्या रश्श्यावरचा तवंग नको. शेगावची कचोरी कुणी सोडायला सांगितली तर जिल्हा ऐकणार नाही. पण मैदा, तळण आणि मीठ एका घासात देणारी ती वस्तू पहिल्या तीन महिन्यांत तरी प्रसादासारखी आणून देऊ नये. उपासाचंही तसंच. एकादशीचा साबुदाणा म्हणजे साखर चढवणारा पिठूळ पदार्थ, आणि इन्सुलिन घेणाऱ्याने न खाता राहिलं तर साखर धोकादायक खाली येते. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्यामुळे दिवसातून दोनदाच जेवायचं वेड घरोघरी पोचलं. जखम भरत असताना ते मनाने सुरू करायची ही वेळ नव्हे. वजन उतरवायचं ते हाड जुळल्यावर, सावकाश, स्नायू राखून.

दुसरा सामना पाण्याशी. पूर्णा नदीच्या खोऱ्यात शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद हा पट्टा खारपाणपट्ट्यात मोडतो. इथल्या गावांत मूत्रपिंडाच्या आजारांच्या तक्रारी वर्षानुवर्षं आहेत. हृदयशस्त्रक्रियेचा मूत्रपिंडांना धक्का बसतोच, आणि आधीच मधुमेह, रक्तदाब असेल तर जास्त. अशा माणसाने पाणी कुठलं पितो हे डॉक्टरांना आपणहून सांगावं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे छाती किंवा गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारखी गोळी मनाने आणू नये. बायपासनंतर ती हृदय आणि मूत्रपिंड दोन्हींना घातक ठरू शकते. मधुमेहाच्या ज्या गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात, त्या ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधी थांबवतात. पुन्हा कधी सुरू करायच्या ते लिहून घेतलेलं बरं, कारण साखर फार न वाढताही रक्तात आम्ल साचण्याचा दुर्मीळ धोका त्यांत असतो.

आणि काम. सहा-आठ आठवडे मोटरसायकल नाही, हातपंप नाही, आणि हाडाला पुरती ताकद येईपर्यंत पोतं उचलणं नाही, डवरणी नाही. चालणं मात्र पहिल्या आठवड्यापासून, आधी अंगणात, मग पांदणीने, रोज थोडं वाढवत. चालणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर उचलतो. असं दुसरं औषध दुकानात मिळत नाही. बाईच्या वाट्याला इथे अन्याय येतो. पुरुषाला खाटेवर बसवून ठेवतात आणि तिला पंधरा दिवसांत भरलेली घागर उचलावी लागते. एकाचा स्नायू जातो, दुसरीचं हाड हलतं.

बसवलेल्या वाटांचंही वय असतं. छातीच्या आतल्या धमनीची जोड दहा वर्षांनंतरही दहांत नऊ जणांची उघडी असते. पायाच्या शिरांपैकी जवळपास निम्म्या तोवर बंद किंवा खराब झालेल्या असतात. जुन्या धमन्या ज्या रक्ताने तुंबवल्या, तेच रक्त नव्या वाटेने वाहत असतं. म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी ‘आता बरं वाटतं’ म्हणून बंद करायची नसते.

२०२४मध्ये बुलढाण्यात शंभर जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. बायपास तिथे लगेच होणार नाही आणि त्याची घाईही नाही. बायपास झालेल्याला दर पंधरवड्याला बघणारा फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ आणि एक मोजपट्टी जिल्ह्याच्या ठिकाणी मिळाली तर मोताळ्याच्या किंवा लोणारच्या माणसाचा दोनशे किलोमीटरचा फेरा वाचेल. त्या भेटीत करायच्या तपासण्यांपैकी एकीची वेळ साधावी लागते. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी चाचणी ऑपरेशननंतर लगेच केली तर फसवते, कारण बाटलीतून चढवलेल्या रक्तात दुसऱ्याच्या लाल पेशी असतात. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात. म्हणून तोवर ग्लुकोमीटरवरचे आकडे वहीत लिहायचे आणि त्यानंतर ही चाचणी करायची.